स्पर्धा संपली, रस्ता तिथेच आहे

मित्रांनो, तुमच्या घरी सुट्टीत पाहुणा आला की तो आधी काय मागतो? कुणी आइस्क्रीम मागतो, कुणी सिनेमा. माझा सातवीतला भाचा नाताळच्या सुट्टीत साताऱ्याहून वाशीला आमच्याकडे आला. पायांतली चप्पल काढायच्या आधीच तो म्हणाला, "मामा, मला नेरूळचं स्टेडियम दाखव. हरमननं शेवटचा कॅच घेतला ना, ते!"

मी लगेच स्कूटरची किल्ली उचलली. वाशीहून नेरूळ ते किती लांब? पाम बीच रोडनं निघालं की दहा-पंधरा मिनिटांत पोहोचतो. मी हेल्मेट डोक्यात घातलं, स्कूटर चालू केली आणि म्हटलं, "बस मागे डबलसीट."

तो जागचा हलला नाही. म्हणाला, "मामा, माझं हेल्मेट?"

घरात दुसरं हेल्मेट नव्हतं. "अरे, जवळच तर जायचंय," असं मी म्हणून गेलो खरा, पण बोलता बोलताच माझी मला लाज वाटली. कारण त्याला जे स्टेडियम दाखवायचं होतं, तिथे याच गोष्टीसाठी एक अख्खी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती! ती फार दिवस टिकली नाही. तिचीच गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. स्कूटर बंद केली आणि आम्ही दोघं स्टेशनकडे चालू लागलो.

वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ

हार्बर लाइनच्या लोकलनं वाशीहून निघालं की सानपाडा, मग जुईनगर आणि तिसरं स्टेशन नेरूळ. खिडकीतून बाहेर बघत भाचा म्हणाला, "सगळं कसं आखल्यासारखं आहे!" आखल्यासारखं काय, आखलेलंच आहे! मुंबईत माणसं मावेनात, म्हणून खाडीच्या पलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकात मांडली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि गावं, भातशेती, मिठागरं होती त्या जागी एकेक नोड उभा राहू लागला. नोड म्हणजे आपापलं स्टेशन, बाजार आणि शाळा असलेलं छोटं शहरच. म्हणून इथले पत्तेही गल्लीबोळांचे नसतात. सेक्टर आणि प्लॉट नंबर सांगायचा.

नेरूळला उतरून स्टेडियमच्या दिशेनं निघालात, तर आधी छप्पर दिसतं. डी. वाय. पाटील स्टेडियमचं हे पांढरं छप्पर हे त्याचं वैशिष्ट्य आहे. प्रेक्षकांच्या नजरेआड येणारा एकही खांब मध्ये नाही! वास्तुरचनाकार हफीज कॉन्ट्रॅक्टर. मार्च २००८ मध्ये हे मैदान खुलं झालं आणि त्याच वर्षी १ जूनला पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना इथेच झाला. राजस्थान रॉयल्सनं चेन्नईला अगदी शेवटच्या चेंडूवर हरवलं.

पण या मैदानाचं नशीबही मोठं गमतीचं बरं का! ११ नोव्हेंबर २००९ला भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना इथे ठरला होता. नेमकं 'फयान' वादळ आलं आणि एकही चेंडू न पडता सामना रद्द झाला. पुढे जानेवारी २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेत आपल्या मुली इराणविरुद्ध ०-० अशा बरोबरीत खेळल्या. पण संघात करोना शिरला आणि पुढच्या सामन्याला पुरेसे खेळाडू उभे करता आले नाहीत. आपल्याच देशातल्या स्पर्धेतून आपल्याच संघाला बाहेर पडावं लागलं. आणि मग उजाडला २ नोव्हेंबर २०२५. महिलांचा एकदिवसीय विश्वचषक भारतानं पहिल्यांदा जिंकला तो इथेच. दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. शफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माच्या ५८ धावा आणि वर ५ बळी!

सामना नसल्यानं आम्हाला आत जाता आलं नाही. पण बाहेरून एक चक्कर मारली, भाच्यानं हवेतच एक कॅच घेतला आणि मग आम्ही उसाचा रस प्यायला बसलो. तिथे मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली.

पाच दिवसांत चार सामने

मार्च २०२०. 'रोड सेफ्टी वर्ल्ड सिरीज' नावाची एक नवी स्पर्धा सुरू झाली. भारत, श्रीलंका, ऑस्ट्रेलिया, वेस्ट इंडिज आणि दक्षिण आफ्रिका असे पाच देशांचे संघ. खेळाडू सगळे निवृत्त झालेले, म्हणजे तुमच्या आई-बाबांचे हिरो! सचिन तेंडुलकर, वीरेंद्र सेहवाग, ब्रायन लारा, जाँटी ऱ्होड्स. लोकांनी क्रिकेट बघायला यावं आणि जाताना रस्त्यावरच्या सुरक्षेचा विचार घेऊन जावं, अशी कल्पना होती.

७ मार्चला पहिला सामना वानखेडेवर झाला. ८ मार्चला श्रीलंकेनं ऑस्ट्रेलियाला अवघ्या ७ धावांनी हरवलं. १० मार्चला नेरूळला भारत-श्रीलंका. सगळे सचिनसाठी आलेले, आणि सचिन शून्यावर बाद! पण मुनाफ पटेलनं आधीच ४ बळी घेतले होते आणि इरफान पठाणनं ३१ चेंडूंत नाबाद ५७ धावा करून सामना खेचून आणला. ११ मार्चला दक्षिण आफ्रिकेनं वेस्ट इंडिजला हरवलं. त्यात पन्नाशीच्या जाँटी ऱ्होड्सनं नाबाद अर्धशतक ठोकलं!

त्याच ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं करोना ही जागतिक महासाथ असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी स्पर्धा थांबवण्यात आली. अकरा सामन्यांपैकी झाले फक्त चार.

राहिलेले सामने वर्षभरानं, मार्च २०२१ मध्ये रायपूरला झाले. अंतिम सामन्यात भारतानं श्रीलंकेला हरवलं. २०२२ साली दुसरा मोसम झाला. या वेळी आठ संघ होते. कानपूर, इंदूर, डेहराडून, रायपूर अशी गावं फिरून पुन्हा भारतच जिंकला. त्यानंतर तिसरा मोसम काही झाला नाही. २०२५च्या फेब्रुवारीत निवृत्त खेळाडूंची 'इंटरनॅशनल मास्टर्स लीग' याच नेरूळच्या मैदानावर सुरू झाली. पण तिच्या नावात रस्ता नव्हता.

भाचा जरा हिरमुसला. "म्हणजे ती स्पर्धा फुकटच गेली?"

एकदाच झालेल्या स्पर्धा

मी म्हटलं, तसं नाही रे. माणसांसारखं स्पर्धांनाही आयुष्य असतं. ऑलिंपिकसारखी एखादी शंभरी ओलांडते, एखादी एकदाच होते. १९३४ साली दिल्ली आणि पतियाळा इथे 'पश्चिम आशियाई खेळ' झाले. भारत, अफगाणिस्तान, सिलोन म्हणजे आजची श्रीलंका, आणि पॅलेस्टाईन असे चारच देश. ते पुन्हा कधी झालेच नाहीत. २००३ साली हैदराबादला आशिया आणि आफ्रिकेचे देश 'आफ्रो-एशियन गेम्स'साठी जमले. तीही स्पर्धा पहिली आणि शेवटची.

पण १९३४ मध्ये दिल्लीच्या ज्या स्टेडियमवर ते खेळ झाले, तिथेच १९५१ साली पहिली आशियाई क्रीडा स्पर्धा भरली. ती आजतागायत चालू आहे. त्या पहिल्या स्पर्धेत १०० आणि २०० मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकणारा लेव्ही पिंटो आपल्या मुंबईचा! तेव्हा स्पर्धा संपते, पण ती ज्यासाठी भरवली ते काम दुसऱ्या कुणीतरी उचललं की ती फुकट जात नाही.

"मग हे काम कुणी उचललं?" भाच्यानं विचारलं.

मला उत्तर देता येईना. म्हटलं, "चल, आधी एक रस्ता बघू."

एका सेकंदात एक खेळपट्टी

आम्ही बसनं पाम बीच रोडला गेलो. वाशीपासून बेलापूरपर्यंत जाणारा हा सुमारे दहा किलोमीटरचा रुंद, गुळगुळीत रस्ता. खाडीच्या बाजूला तिवरांचं हिरवं दाट जंगल आणि ऋतू असला तर पाणथळ जागेत गुलाबी रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. नवी मुंबईतला सगळ्यात देखणा रस्ता! आणि देखणा, मोकळा आहे म्हणूनच गाड्या इथे सुसाट सुटतात. अपघातांसाठीही हा रस्ता बदनाम आहे.

पदपथावर उभं राहून आम्ही गणित मांडलं. तुम्हीही वहीत मांडा.

क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २० मीटरपेक्षा किंचित जास्त. ताशी ७२ किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात किती जाते? २० मीटर. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ एक खेळपट्टी! समजा, समोर अचानक कुणी आलं. ते डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. एक खेळपट्टी तर तिथेच संपली. ब्रेक दाबल्यावर गाडी लगेच थांबते का? नाही. कोरड्या रस्त्यावरही आणखी तीसेक मीटर पुढे जाते. एकूण झाल्या जवळजवळ अडीच खेळपट्ट्या. पावसात तर याहूनही जास्त.

आता तीच गाडी निम्म्या वेगानं, ताशी ३६नं चालवा. विचार करण्यात १० मीटर, ब्रेक लागण्यात सातेक मीटर. एका खेळपट्टीच्या आत गाडी थांबली! वेग निम्मा केला, तर ब्रेकचं अंतर निम्मं नाही, पाव होतं. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हे तुम्हाला पुढे भेटेलच.

भाचा म्हणाला, "पण मामा, बुमराहचा बॉल तर ताशी १४० नं येतो. तोसुद्धा बॅट्समन खेळतोच की!"

प्रश्न झकास होता. त्या चेंडूला खेळपट्टी पार करायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, हे खरं. पण फलंदाजाला चेंडू येणार हे आधीच ठाऊक असतं. तो टक लावून बघत असतो; डोक्यावर हेल्मेट, पायांना पॅड असतात. रस्त्यावर पोर कधी धावत येईल, हे चालवणाऱ्याला ठाऊक नसतं. आणि कानाला मोबाईल असेल, तर बघायचंच काय?

२०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. नेरूळचं ते भलंमोठं स्टेडियम आठवा. ते तीनदा काठोकाठ भरेल, तरी काही माणसं बाहेर उरतील, इतकी! त्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलं नव्हतं. चालवणारेही होते त्यांत आणि मागे डबलसीट बसलेलेही. आकडा ऐकून भाचा गप्प झाला. खरं सांगायचं तर मीही.

काम कुणाचं?

परतीच्या वाटेवर आम्ही वाशीच्या बाजारात उतरलो. आयएसआय चिन्ह बघून, त्याच्या डोक्याला नीट बसेल असं हेल्मेट घेतलं. दुकानदारानं विचारलं, "शिकवणीला जायला का?" भाचा ऐटीत म्हणाला, "नाही, मामाच्या मागं बसायला!"

बालमित्रांनो, नवी मुंबईला आलात तर नेरूळचं स्टेडियम जरूर बघा, पाम बीचवरचे रोहित पक्षीही बघा. पण येणं जमलं नाही, तरी एक गोष्ट तुमच्या गावातच करता येईल. शाळेसमोरच्या फुटपाथवर मोठ्या माणसाबरोबर उभे राहा आणि पाऊण तासात किती दुचाकीवाल्यांच्या डोक्यावर हेल्मेट आहे, किती जणांच्या नाही, हे वहीत लिहा. मागे बसलेल्या मुलांचा रकाना वेगळा ठेवा. ती वही वर्गात वाचून दाखवा.

आणि आई-बाबांनो, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट हवंच, मागे बसणाऱ्यालाही. तसा कायदाच आहे. पण आधी तुमच्या मुलानं "माझं हेल्मेट कुठंय?" असं विचारलं, तर रागावू नका. "जवळच तर जायचंय," असंही म्हणू नका. मी म्हटलं होतं, म्हणून सांगतो.

भाचा साताऱ्याला परत गेला, तेव्हा हेल्मेट सोबत नेतो का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "इथंच राहू दे. पुढच्या सुट्टीत येणारच आहे ना!"

ते आता आमच्या दाराजवळच्या खुंटीवर माझ्या हेल्मेटशेजारी टांगलेलं आहे.