जयपूरच्या वेशीबाहेर घर बांधायचे तर...

जोहरी बाजारातून फिरणाऱ्या पर्यटकाचे लक्ष लाखेच्या बांगड्यांवरून वर गेले, की त्याला एक गोष्ट जाणवते. दुकाने वेगवेगळ्या मालकांची, पण त्यांच्या दर्शनी भिंती जणू एकाच हाताने आखलेल्या. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये जयपूर वसवले, तेव्हा विद्याधर भट्टाचार्य यांच्या आराखड्यानुसार रस्ते आणि चौक आधी आखले गेले. मुख्य बाजारात मन मानेल तशी इमारत उभारण्याची मुभा कोणालाही नव्हती. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून शहराला गुलाबी रंग चढला आणि तो कायमचा झाला.

परकोट ओलांडून गाडी खेड्यांच्या दिशेने निघाली, की चित्र बदलते. बाजरीची शेते, खेजडीची झाडे आणि मधूनमधून प्लॉट विक्रीच्या पाट्या. सहलीला आलेल्या मराठी कुटुंबालाही क्षणभर वाटून जाते, इथे छोटेसे घर असते तर! पण या मोकळ्या माळालाही नियम आहेत.

पहिला प्रश्न, जमीन कशाची? शेतजमिनीचा इतर कामासाठी वापर करायचा, तर राजस्थानच्या १९५६ च्या भूराजस्व कायद्यानुसार परवानगी लागते. आपल्याकडे ज्याला बिनशेती करणे म्हणतात, त्याला तिकडे रूपांतरण म्हणतात. मात्र खातेदार शेतकऱ्याने स्वतः राहण्यासाठी शेतात बांधलेले घर किंवा गुरांचा गोठा १९५५ चा काश्तकारी कायदा जमिनीची सुधारणाच मानतो. म्हणजे कसणाऱ्याचा निवारा वेगळा आणि विकण्यासाठी पाडलेले प्लॉट वेगळे. अनुसूचित जातीच्या खातेदाराची जमीन त्या जातींबाहेरच्या व्यक्तीला विकता येत नाही. जमातींच्या जमिनीलाही असेच संरक्षण आहे. स्वस्तात मिळते म्हणून अशी जमीन घेणाऱ्याचे पैसे बुडू शकतात.

दुसरा प्रश्न, घर कोणासाठी? गावठाणाला तिथे आबादी म्हणतात आणि तिथल्या घराच्या जागेचा पट्टा ग्रामपंचायत देते. ज्यांच्या डोक्यावर मातीच्या भिंती आणि गवताचे छप्पर आहे, त्यांच्यासाठी २०१६ पासून प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना आहे. सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये मिळतात. स्वयंपाकाच्या जागेसह घर किमान २५ चौरस मीटरचे हवे. कुटुंब बेघर असावे किंवा फार तर दोन खोल्यांच्या कच्च्या घरात राहणारे असावे. पूर्वी दारात स्कूटर किंवा घरात फ्रिज असला, तरी नाव यादीतून जाई. २०२४ मध्ये ही अट काढली गेली आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार रुपये झाली. आधी कोणाचे घर, हे ठरवण्यात ग्रामसभेचा वाटा असतो. म्हणून त्या दिवशी मजुरीला खाडा करूनही सभेला जाणे फायद्याचे. घर बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर करण्यावर योजनेचा भर आहे. जिचे आयुष्य आधी माहेरच्या आणि मग सासरच्या घरात गेले, तिला आपले म्हणावे असे दार त्यामुळे मिळते.

तिसरा प्रश्न मात्र कागदावर लवकर दिसत नाही. तो पाहण्यासाठी शहराच्या ईशान्येला सुमारे ३० किलोमीटरवरच्या जमवा रामगढला जावे. बाणगंगेवरच्या इथल्या तलावाने अनेक दशके जयपूरची तहान भागवली. १९८२ च्या आशियाई स्पर्धांतील नौकानयन याच पाण्यावर झाले. पुढे तलाव आटला. पाणलोटात जागोजागी बंधारे, शेते, बांधकामे उभी राहिली आणि डोंगरातून येणाऱ्या पाण्याच्या वाटा अडल्या. २०११ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने स्वतःहून याची दखल घेतली. त्याआधी, २००४ मध्येही, याच न्यायालयाने नदी-नाले आणि तलावांच्या जागा पूर्ववत करण्याचे आदेश दिले होते. जयपूरला आता पाणी येते ते दूरच्या बिसलपूर धरणातून.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात घर बांधणाऱ्याला वाटते, आपल्या एका घराने काय बिघडणार? प्रत्येकाने असेच म्हटले, तर काय होते, ते रामगढच्या कोरड्या काठावर उभे राहिले की समजते. जयसिंहांच्या बाजारात मोडलेला नियम लगेच डोळ्यांत भरला असता. खेड्यात मोडलेला नियम कळतो तो पुढच्या पिढीला, रिकामा हंडा घेऊन नळाशी उभे राहिल्यावर.