ठिणगीची वेळ

वेळेचें महत्त्व आमच्या घरांत कोणास पटवून द्यावें लागत नाहीं. साठ विपळांचें एक पळ आणि साठ पळांची एक घटका, हें कोष्टक आमच्या आजीनें आम्हां सर्व भावंडांकडून पाठ करून घेतलें होतें. घटका म्हणजे २४ मिनिटें, पळ म्हणजे २४ सेकंद, आणि विपळ म्हणजे सेकंदाचा अवघा दोन-पंचमांश. याहून लहान काळाचा गृहस्थाच्या व्यवहाराशीं संबंध तो कसा यावा? परंतु गेल्या उन्हाळ्यांत विपळाच्या हजाराव्या भागावरून आमच्या एकत्र कुटुंबांत जो वाद झाला, तो आठ दिवस पुरला.

वादाचें मूळ आमचा पुतण्या. वडील बंधूंच्या या धाकट्या चिरंजीवास ‘कार्ट’ नांवाच्या चिमुकल्या शर्यतीच्या गाड्यांचें वेड आहे. १९५६ सालीं कॅलिफोर्नियांत आर्ट इंगल्स या शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारागिरानें नळ्यांच्या सांगाड्यावर गवत कापण्याच्या यंत्राचें इंजिन बसवून अशी पहिली गाडी केली. तेथून हा खेळ जगभर पसरला. आपल्याकडे कोल्हापुरासही त्यासाठीं बांधलेला मार्ग आहे. या गाडीस कमानी नाहींत, छप्पर नाहीं, दारें नाहींत. मागचीं दोन्ही चाकें एकाच अखंड आंसावर घट्ट बसविलेलीं, आणि जुन्या पद्धतीच्या गाडींत तो आंस सांखळीनें थेट इंजिनाशीं जोडलेला. आसन जमिनीपासून वीतभरही उंच नसतें. ‘याहून पाटावर बसून घसरावें,’ असा आमच्या मातोश्रींचा या वाहनाविषयीं अभिप्राय पडला.

पुतण्यानें जुनें, १०० सी.सी.चें टू-स्ट्रोक इंजिन मिळविलें आणि मागच्या पडवींत वर्तमानपत्रें पसरून तो त्याच्याशीं झटूं लागला. जवळ बसून आम्हीं जें ऐकलें त्याचा सारांश असा: हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दट्ट्या वर जातांना दाबलें जातें, आणि प्लगमधून पडणारी ठिणगी तें पेटविते. ठिणगी पडतांच सारें मिश्रण एकदम भडकतें अशी सर्वसाधारण समजूत असते; परंतु ज्वाळेस मधून कडेपर्यंत पोंचण्यास वेळ लागतो. दट्ट्या शिखर ओलांडून खालीं वळला आणि क्रँक बारा-पंधरा अंश पुढें गेला, म्हणजे दाबाचा पूर्ण जोर यावा. तोच जोर गाडीस खरा उपयोगी. यासाठीं ठिणगी दट्ट्या शिखरास पोंचण्यापूर्वींच, समजा २४ अंश आधीं, पाडावी लागते. मिनिटास दहा हजार फेरे घेणाऱ्या इंजिनास हे २४ अंश फिरण्यास जो वेळ लागतो, तो बरोबर विपळाचा हजारावा भाग! आम्हीं हा हिशेब पाटीवर दोनदां करून पाहिला.

इतका सूक्ष्म काळ हातानें कसा ठरवावयाचा? तर तो काळ म्हणून मोजावयाचा नाहीं, अंतर म्हणून मोजावयाचा. प्लग काढून त्याच्या जागीं डायल गेज बसवितात. ४६ मिलिमीटर स्ट्रोकच्या व १०० मिलिमीटर लांबीच्या कनेक्टिंग रॉडच्या इंजिनांत २४ अंशांवर दट्ट्या शिखराच्या सुमारें २.४ मिलिमीटर खालीं असतो. शिखर शोधणें मात्र सोपें नाहीं. तेथें दट्ट्या थबकल्यासारखा होतो आणि क्रँक अंशभर फिरला तरी कांटा हालल्याचें दिसत नाहीं. म्हणून अलीकडे व पलीकडे सारख्याच खोलीचे दोन बिंदु घेऊन, त्यांच्या मधोमध शिखर मानतात. मग ठिणगीस वीज पुरविणारी तबकडी क्रँकच्या उलट दिशेस सरकविली कीं ठिणगी आधीं पडते, त्याच दिशेस सरकविली कीं उशिरां.

‘मग बरोबर आंकडा कोणता?’ असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, ‘काका, एकच आंकडा नसतो. वळणें जवळजवळ असलीं तर ठिणगी थोडी आधीं बरी. वळणांतून निघतांना गाडी चांगली ओढते. लांब सरळ रस्ता असला तर थोडी उशिरां. मग जास्त उष्णता सायलेन्सरच्या फुगीर नळ्यांत जाते, तिथल्या दाबाच्या लाटा वेगानें परततात, आणि इंजिन आणखी जास्त फेरे घेतें.’

परंतु ठिणगी फारच आधीं पडली, तर ज्वाळा पोंचण्यापूर्वींच कडेचें मिश्रण आपोआप स्फोट पावतें. दट्ट्यावर हातोड्याचे घाव बसूं लागतात व तो भलताच तापतो. रस्त्यावरील मोटारींत ही ठकठक ऐकूं येते. शर्यतीच्या गोंगाटांत ती कोणास ऐकूं येणार? त्यांतही वाईट असें कीं, इंजिन मोडण्यापूर्वींच्या फेऱ्या पुष्कळदां सर्वांत वेगवान असतात.

आमच्या घरीं हेंच घडलें. सरावाच्या एका दिवशीं गॅरेजांतील एका माणसानें ‘अजून थोडी आधीं घे, मग मजा बघ’ असें म्हणून, कांहीं न मोजतां, केवळ डोळ्यानें ती तबकडी सरकविली. दोन फेऱ्या अशा झाल्या कीं बघ्यांनीं टाळ्या वाजविल्या. तिसऱ्या फेरींत सरळ रस्त्यावर इंजिन सीझ झालें, मागचीं चाकें जागच्या जागीं आंवळलीं, गाडी गरगरा फिरली आणि मुलाच्या डाव्या मनगटाचें हाड मोडलें.

त्या रात्रीं वहिनी जेवल्या नाहींत. वडील बंधूंनीं एवढेंच सांगितलें, ‘गाडी विकून टाकावी.’ घरांत दोन तट पडले. मुलगा मात्र वाद घालीना. तिसऱ्या दिवशीं प्लॅस्टरांतला हात गळ्यांत अडकवून, धाकट्या बहिणीच्या मदतीनें त्यानें इंजिन उघडलें आणि दट्ट्या बापापुढें आणून ठेवला. त्याची कड वाळवीनें खाल्ल्यासारखी झाली होती. प्लगच्या पांढऱ्या भागावर ॲल्युमिनियमचे बारीक कण चिकटले होते. तबकडी जागेवर असतांनाच त्यानें मोजून घेतली होती: २४ च्या ऐवजीं २७ अंश. दट्ट्याच्या शेजारीं त्यानें आपली वही ठेवली.

आमच्या बंधूंचा जन्म हिशेबतपासणींत गेला. त्यांनीं चष्मा लावून वही पहिल्या पानापासून वाचली. तारीख, हवेचें तपमान, ठिणगीचे अंश, फेरीस लागलेला वेळ, प्लगचा रंग, असे रकाने आंखलेले होते. अपघाताच्या तारखेशीं त्यांचें बोट थांबलें. ‘अंशांची जागा कोरी कां?’

‘त्या दिवशीं मोजलें नव्हतें, बाबा. त्यांनीं सरकविलें, आणि मीं सरकवूं दिलें.’

बंधु बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, ‘तबकडीला दुसऱ्या कोणाचा हात लागतां कामा नये. एका वेळीं एकच अंश. आणि हा रकाना कोरा दिसला, त्या दिवशीं गाडी विकली असें समज.’ वहिनींनीं मान फिरविली, पण ‘नको’ असें त्या म्हणाल्या नाहींत.

या प्रसंगानंतर एक विचार आमच्या मनांतून जात नाहीं. योग्य क्षणाच्या दोन बाजू सारख्या नसतात. ठिणगीस उशीर झाला तर फेरीचा थोडा वेळ बुडतो, नळा अधिक तापतो, आणि पुढल्या खेपेस सुधारणा करतां येते. घाई झाली तर दट्ट्याच जातो, आणि त्यापूर्वीं घटकाभर टाळ्याही मिळतात. म्हणून जाणता मनुष्य उशिराच्या बाजूनें योग्य क्षणाकडे येतो: वीस अंशांपासून एकेक अंश पुढें, प्रत्येक वेळीं प्लग पाहून, आणि फेरीचा वेळ सुधारणें थांबलें कीं एक अंश मागें. आमच्या घरांतून मुलांना चौथ्या वर्षीं पाढे, दहाव्या वर्षीं शिकवणी आणि चौदाव्या वर्षीं स्पर्धापरीक्षा, असें सर्व कांहीं अंशभर आधीं देण्याची जी हौस आहे, तींतही टाळ्या पुष्कळ ऐकूं येतात. ठकठक मात्र कोणास ऐकूं येत नाहीं. ती ऐकण्यासाठीं मूल जवळ घेऊन निरखून पाहण्याची तसदी घ्यावी लागते.

प्लॅस्टर निघालें, नवा दट्ट्या बसला. सध्यां तबकडी २३ अंशांवर आहे. टाळ्या पडलेल्या त्या दोन फेऱ्यांचा वेग अद्याप साधलेला नाहीं, आणि त्याची कोणास घाईही नाहीं. वहींतील अंशांच्या रकान्याशेजारीं आतां एक नवा रकाना आहे. त्यांत प्रत्येक तारखेस आमच्या वडील बंधूंची सही असते.