बटणाची मान

शर्टाचे कोणते बटण तुटले आहे, हे गिऱ्हाइकाने सांगायच्या आधीच मला कळते. वरून दुसरे, नाहीतर तिसरे. विरार लोकलमध्ये सकाळी उभे राहायचे तर बॅग पाठीवरून छातीवर घ्यावी लागते, आणि उतरेपर्यंत तिचा पट्टा, तिची चेन, शेजाऱ्याचे कोपर त्याच दोन बटणांवर घासत असते. संध्याकाळी गाडी रिकामी झाली की माणसे स्टेशनबाहेरच्या माझ्या गाळ्याशी येतात. कोणी बटण मुठीत जपून आणलेले असते, कोणाचे डब्यातच राहिलेले. “ताई, जरा पटकन लावून द्या.” लावून देते, पण पटकन नाही. पटकन लावलेले बटण महिन्याभरात पुन्हा माझ्याकडेच येते.

गाळा घेण्याआधी सहा वर्षे मी वसई पूर्वेला एका कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर होते. त्यामुळे तयार शर्टाची बटणे का गळतात, हे मला आतून ठाऊक आहे. ते मशीन एकाच दोऱ्यावर चालायचे, खाली बॉबिन नसायची. पायडल दाबले की सुई बटणाच्या भोकांतून खाली-वर व्हायची. आठ, सोळा किंवा बत्तीस टाके, जसे लावून ठेवले असेल तसे, आणि कापडाच्या मागे साखळी तयार व्हायची. तांदळाच्या गोणीचे तोंड शिवलेले असते ना, बरोबर टोक सापडले की एका ओढीत सगळे सरसर उसवते, तशीच ही शिवण. टाके कितीही असोत, शेवटचे टोक मोकळे राहून कुठे अडकले की बटण गेलेच. दोन दोऱ्यांचे, टाका अडकवणारे मशीनही मिळते आणि त्याची शिवण टिकते. पण त्यात बॉबिन भरण्यात वेळ जातो, आणि कारखान्यात वेळ नगावर मोजला जातो.

म्हणून दिवाळीचा नवा शर्ट घरी आणलात की आधी बटणपट्टी उलटी करून बघा. सुटे टोक दिसले तर ओढू नका. सुईत ओवून मागच्या बाजूला दोन बारीक टाके मारा. दोन मिनिटांचे काम आहे.

बटण हरवलेच असेल तर शर्टाच्या आत, बाजूच्या शिवणीत, धुण्याच्या सूचनांच्या पट्टीवर एखादे जास्तीचे बटण बहुतेक वेळा शिवलेले असते. तेही नसेल तर माप बघूनच दुसरे घ्यायचे. धंद्यात बटण ‘लाइन’मध्ये मोजतात. चाळीस लाइन म्हणजे एक इंच. शर्टाच्या पुढच्या पट्टीला साधारण १८ लाइनचे लागते, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. १६चे लावले तर काजातून आपोआप निसटते, २०चे घालताना काज उसवते. रंग जुळला म्हणून माप चुकवू नये.

माझी स्वतःची एक चूक सांगते. नवीन गाळा होता, काम मजबूत दिसले पाहिजे याची हौस होती. एका गृहस्थांच्या शर्टाला मी दुहेरी दोऱ्याने बटण कापडाला अगदी चिकटवून, घट्ट आवळून लावले. आठ दिवसांत ते शर्ट घेऊन परत आले. बटण आणि दोरा दोन्ही शाबूत होते, पण कापडाचा तुकडा घेऊन बटण निघाले होते. त्या दिवशी मला कळले की बटणाला उभे राहायला जागा लागते. काजपट्टी वर येऊन बसते, तिची जाडी बटण आणि खालचे कापड यांच्या मध्ये मावली पाहिजे. ती मावली नाही की प्रत्येक श्वासाला कापड ओढले जाते. त्या मोकळ्या उंचीला मी बटणाची मान म्हणते.

आता कसे लावते ते सांगते. आधी शर्ट बंद करते आणि काजातून टाचणी घालून जागा पकडते. एक हातभर दोरा मेणबत्तीवरून ओढून घेते, म्हणजे तो पीळ धरत नाही. पहिला टाका नुसत्या कापडात, जागच्या जागी. मग बटण ठेवायचे आणि त्याच्यावर, भोकांच्या मधोमध, आगपेटीची काडी आडवी धरायची. टाके काडीवरून जातात. चार भोके असतील तर प्रत्येक जोडीतून तीन-तीन फेरे पुरतात. टाका वरच्या पापुद्र्यात नाही, पट्टीच्या आतल्या बक्रमपर्यंत गेला पाहिजे. मग काडी ओढून काढली की बटण सैल होते, हलते, आणि नवशिक्याला वाटते की बिघडले. तिथेच सुई बटणाखाली आणायची आणि त्या सैल दोऱ्यांभोवती पाच-सहा वेढे घट्ट द्यायचे. मान उभी राहते. शेवटी सुई मागे काढून फासात ओवायची, दोनदा.

कापडच फाटले असेल तर आधी मागून त्याच जातीच्या कापडाची नखाएवढी चकती लावते. भोकावर नुसते टाके घालून काही होत नाही.

ज्या भोकात बटण अडकते त्या ‘काज’ शब्दावर माझा जीव आहे. तो पोर्तुगीज ‘काझा’वरून आला. काझा म्हणजे घर, आणि पोर्तुगीज भाषेत काजाला बटणाचे घरच म्हणतात. चावी, बादली, पगार हे शब्दही त्याच गलबतांतून उतरले. पोर्तुगीज वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत होते. हा शब्द वसईच्याच धक्क्यावर उतरला असे मी म्हणत नाही, सगळा कोकण-गोव्याचा किनारा होता. पण चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला त्या काळी आपली माणसे बाराबंदी घालत, ती बंदांनी बांधायची. गुंडी होती, तिला फासा असे. कापड चिरून, त्याच्या कडा टाक्यांनी बांधून केलेल्या घराला मात्र आपण त्यांचाच शब्द ठेवला.

घराची कडा विसविशीत झाली असेल तर मी तीही बांधून देते, त्याचे पैसे घेत नाही. सैल घरातून चांगले बटणही निसटते आणि दोष बटणाला लागतो.

दोरा कापला की मी बटण काजात घालून एकदा काढून बघते. मग गिऱ्हाइकाला म्हणते, आता तुम्ही लावून बघा.