आबांचे दोन डबे

दिवाळीच्या साफसफाईत काय टाकावे आणि काय ठेवावे यावरून ज्या घरात भांडण होत नाही ते घर मी अजून पाहिलेले नाही. आमच्या आसगावच्या घरात हा वाद दरवर्षी होई, आणि दरवर्षी आबा जिंकत. आबा म्हणजे माझे आजोबा. तुटक्या कंदिलाची काच, बिनकिल्लीचे कुलूप, वाकलेले खिळे, सारे माडीवर जाई. "कामास येते, बाबू," एवढे ते म्हणत आणि विषय संपे.

त्या माडीवर एका लाकडी पेटीत दारूचे दोन डबे होते. दारू म्हणजे बंदुकीची. आमच्याकडे तिला बारूद म्हणतात. आबांचे वडील पवनीकडच्या एका मालगुजाराचे दिवाणजी होते. १९५१ साली मालगुजारी गेली. तिच्याबरोबर पुष्कळ काही गेले, पण मालगुजाराने खूश होऊन दिलेली एक जुनी विलायती रायफल परवान्यासह आमच्या घरी राहिली. दोन नळ्यांची, पाचशे बोअरची, 'एक्सप्रेस' जातीची. धुराच्या काळ्या दारूवर चालणारी ही रायफल माझ्या आबांपेक्षाही वयाने मोठी होती. तिची तयार काडतुसे बाजारातून केव्हाच नाहीशी झाली होती, म्हणून आबा ती घरीच भरत. पितळी पुंगळ्या तेवढ्या मोजक्या उरलेल्या. त्याच पुनःपुन्हा पुसून, नवी टोपी बसवून वापरायच्या. शिसे वितळवण्याचे काम अंगणात, वेगळ्या चुलीवर. घरातल्या चुलीजवळ तो साचा दिसला तर आजी जेवण वाढणार नाही, असा कायदा होता.

ही सारी खटपट शिकारीच्या हौसेसाठी नव्हती. आमचा भाग चौरासचा, म्हणजे धानाचा. दिवाळीत हलके धान कापून होते, पण भारी धान बांध्यांत उभे असते आणि नेमके तेव्हाच रानडुकरांचे कळप उतरतात. एका रात्रीत अर्धी बांधी लोळवून टाकतात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तेव्हा यायचा होता. मी सांगतो आहे ती दिवाळी १९७० ची; मी बारा वर्षांचा होतो.

दोन डब्यांपैकी एकात ती काळी दारू होती, रायफलीसाठी केलेली, जाड दाण्याची. ती करणारेही ती करायचे थांबले होते, त्यामुळे आबा ती केशरासारखी वापरत. दुसरा डबा १९४७ साली देश सोडून जाणाऱ्या एका साहेबाने दिलेला. त्यात बिनधुराची दारू होती. आबांनी तिला कधी हात लावला नव्हता. "हिचं माप मले मालूम नाई," ते म्हणत. पण टाकायचे नाव नाही! दोन्ही डब्यांवर त्यांनी मोडीत लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. दिवाणजीचा मुलगा; त्यांची मोडी म्हणजे मोत्यांची ओळ. मला मात्र तिच्यातले अक्षर कळत नव्हते.

त्या वर्षी माडी झाडण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते फार उत्साहाने केले, इतक्या उत्साहाने की दोन्ही डबे ओल्या फडक्याने पुसले. कसरीने आधीच खाल्लेल्या चिठ्ठ्या माझ्या हातात आल्या. कोणती कोणाची? एका डब्यावर गंज जास्त होता, एका चिठ्ठीचा कागद जास्त पिवळा होता. जुन्याला जुने, असा हिशेब मी केला, सकाळच्या भाताची शिते घेतली आणि दोन्ही चिकटवून दिल्या. मग खाली येऊन शहाण्यासारखा चिवडा खात बसलो.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आत्या आणि तिचे यजमान आले. सारे घर त्यांना जवाईबापू म्हणे, आम्ही मुलेसुद्धा. जवाहरनगरला १९६४ साली दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला होता, त्याच्या प्रयोगशाळेत ते नोकरीला होते. अबोल माणूस. सासऱ्यापुढे तर त्यांच्या तोंडून 'हो जी' याखेरीज शब्द निघत नसे.

संध्याकाळी आबा सपरीत कंदील घेऊन काडतुसे भरायला बसले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलेला. ते विशेष खुशीत होते, कारण डबा त्यांना वाटला होता त्याहून पुष्कळ भरलेला निघाला. "पाहा जवाईबापू, मी समजत होतो सरली, अन् लक्ष्मी तं घरातच होती!" पाच काडतुसे भरून झाली होती. काळ्या दारूची रीत अशी की पुंगळी जवळजवळ गळ्यापर्यंत भरतात. सहावी भरताना जवाईबापूंनी मान पुढे केली आणि हुंगल्यासारखे केले.

"मामाजी, तो डबा जरा देता का?"

त्यांनी झाकण उलटे करून कंदिलाजवळ धरले. आतून तांबूस गंजाचे पापुद्रे सुटले होते. चिमूटभर दाणे कागदावर घेतले. मग फारच हळू आवाजात, जणू चूक त्यांचीच होती, ते म्हणाले, "ही काळी नाही जी. ही बिनधुराची आहे. आणि ही मेलेली आहे."

सणाच्या दिवशी जावयाने सासऱ्याला चूक दाखवणे ही आमच्याकडे लहान गोष्ट नव्हे. आत्याने पदर तोंडाला लावला. आबा म्हणाले, "बारूद मरत असते का कुठं? कोरडी ठेवली का पिढ्यान्‌पिढ्या राह्यते. त्या पवनीच्या टेकडीवर दोन हजार वर्षांच्या विटा निंगाल्या, त्या नाई सडल्या अन् हे बावीस-तेवीस वर्षांत सडली?" जगन्नाथ टेकडीवरचे उत्खनन त्याच वर्षी आटोपले होते आणि त्या विटा आबांच्या प्रत्येक वादात निघत.

मग हा अबोल माणूस बोलला; मी त्याला एवढे बोलताना पुन्हा कधी ऐकले नाही. आबांचे म्हणणे खरे होते, पण ते एकाच डब्याबद्दल खरे होते. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे नुसते मिश्रण; तिला भीती ओलीची. बिनधुराची दारू ही १८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएय नावाच्या रसायनज्ञाने प्रथम नीट साधली. कापसासारख्या वस्तूवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून ती होते, आणि ते घडवलेले लग्न आतल्या आत मोडू लागते. आम्ल सुटते, ते आम्लच आणखी मोडतोड करते, उष्णता वाढते. हे रोखायला पुढे तिच्यात डायफिनाइलअमाइन नावाचे द्रव्य घालू लागले. ते सुटलेले आम्ल गिळते. पण त्याचेही पोट एक दिवस भरते. भंडाऱ्याचा उन्हाळा आणि पत्र्याखालची माडी असेल तर लवकर भरते. फ्रान्सची दोन लढाऊ जहाजे, १९०७ साली 'इएना' आणि १९११ साली 'लिबर्ते', तुलाँ बंदरात उभ्या जागी फुटली, शेकडो माणसे गेली. शत्रू कोणी नव्हता, कोठारातली दारू बिघडली होती. "आमच्याकडं प्रत्येक खेपेचा नमुना जपून ठेवतात जी, आणि परत परत तपासतात. जांभळा कागद रंग बदलतो का पाहतात."

"आणि हे मेली नसती तर?" आबांनी विचारले.

जवाईबापूंनी भरलेल्या पाच काडतुसांकडे पाहिले. काळ्या दारूइतकीच जागा भरून ही घातली तर जोर कितीतरी पटींनी जास्त, आणि नळी काळ्या दारूच्या बेताची. त्यांनी एवढेच म्हटले, "नळी तुमच्या गालाशी असते, मामाजी."

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी डब्यावरची चिठ्ठी बोटाने चाचपली.

मी आजीच्या मागे जाऊन उभा राहिलो. पोटात खड्डा पडणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. रात्री आबा मचाणावर जाणार होते. मी बरोबर येण्याचा हट्ट धरून होतो, आणि ते 'हो' म्हणाले होते.

जवाईबापूंनी पाचही काडतुसे रिकामी केली. पाडव्याच्या सकाळी वारा नसताना, गावाबाहेरच्या पडीक जागेत, ती सारी दारू त्यांनी स्वतः थोडी थोडी पातळ पसरून जाळली. आम्हा मुलांना धुऱ्यावरूनच पाहू दिले. स्फोट नाही, आवाज नाही. पिवळी ज्योत फुसकन उठे आणि विझे. आम्ही निराश झालो. (आज कोणाच्या माडीवर असा डबा निघाला तर त्याने हे करू नये, डबा हलवू नये, पोलिसांना कळवावे. जवाईबापूंचा तो धंदाच होता.) त्या रात्री आबांनी आणि काकांनी डुकरे थाळ्या वाजवून हाकलली. एक बांधी गेली.

२४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या त्याच कारखान्यात स्फोट होऊन आठ कामगार मृत्यू पावले. त्या रात्री आत्याचा फोन आला. जवाईबापू जाऊन बरीच वर्षे झाली आहेत. अपघाताविषयी ती फार बोलली नाही. "तुले तो डबा आठवते का रे?" एवढेच तिने विचारले, आणि मग दोघेही नुसते फोन धरून होतो.

भाऊबीजेनंतर पाहुणे गेले, तेव्हा मी आबांपाशी गेलो. तीन दिवस मला नीट जेवण गेले नव्हते. म्हटले, "आबा, चिठ्ठ्या मी लावल्या होत्या."

"मालूम आहे," ते म्हणाले. "शितं पाह्यली होती मी. डिंक असताना शितं तूच लावतेस."

मी मार खायच्या तयारीने उभा होतो. त्यांनी कोनाड्यातून दौत आणि बोरू काढला, पाटी घेतली, आणि म्हणाले, "बस." त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी एक तास मी मोडी गिरवली. पहिला शब्द त्यांनी घातला तो 'रिकामा'. तो येईपर्यंत आठ दिवस गेले. मग त्यांनी तो मोकळा डबा माझ्यापुढे ठेवला आणि कागदावर तोच शब्द लिहून, या खेपेस डिंकाने, चिकटवायला लावला.

डबा अजून माडीवर आहे. परवा साफसफाईत सूनबाईने तो खाली आणला आणि यावर काय लिहिले आहे, विचारले. मी वाचून दाखवले. अक्षर फारच वाकडे आहे.