वंशावळीत नसलेली बाई

इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी फाईल उघडली आणि हिंदीत एकामागून एक प्रश्न सुरू केले. पहिली पाळी कधी आली? अकराव्या वर्षी, सहावीत. मुलं किती? एकच मुलगी. तेव्हा वय? बत्तीस. अंगावर किती महिने पाजलं? सहा, मग शाळेची रजा संपली. पाळी कधी गेली? पंचावन्न उलटल्यावर. ती जाताना हार्मोनच्या गोळ्या घेतल्या होत्या? नाही. वजन? निवृत्तीनंतर बारा किलो वाढलेलं.

मग त्यांनी विचारलं, "घर में किसी को? माँ, मौसी, नानी?"

"नाही."

"दादी? बुआ?"

"वडिलांच्या बाजूचं कशाला?" हे माझ्या तोंडून निघून गेलं आणि माझी मलाच लाज वाटली. देवासच्या शाळेत एकोणतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, दर जुलैत फळ्यावर मेंडेलचे वाटाणे काढले. अर्धा वाटा बापाकडून येतो, हे वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरालाही माझ्याकडून पाठ होतं. पण स्तन म्हणजे आईकडचं, बायकांचं, असं मनात कुठेतरी घट्ट बसलं होतं.

मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची होते. गाठ आंघोळ करताना हाताला लागली होती, डाव्या बाजूला, काखेकडे, वाटाण्याएवढी. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नसणार, या हिशेबावर मी चार महिने काढले, तोवर मुलीचं लग्न उरकलं. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, हे मला नंतर कळलं. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, मग बायोप्सी. रिपोर्टात हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह लिहिलेलं होतं. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, शेक झाले. त्याबद्दल फार लिहीत नाही. तो रस्ता ज्याने त्याने चालायचा असतो आणि आता तो पुष्कळांना माहीत आहे. मला सांगायचंय ते 'का' या प्रश्नाबद्दल.

भेटायला येणारा प्रत्येक जण आपलं कारण घेऊन आला. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुम्ही मोबाईल ब्लाउजमध्ये ठेवत होता ना, त्यानेच. एकीने काळ्या ब्राला दोष दिला, एकीने बसमध्ये लागलेल्या कोपराच्या माराला. नणंदेने दृष्ट काढली आणि टेकडीवरच्या देवीला नवस बोलून आली. एका भाच्याने औद्योगिक वसाहतीकडे बोट दाखवलं. आणि एक वाक्य कुणी उघड म्हटलं नाही, तरी मला ऐकू येत होतं: हिने नोकरीपायी मूल उशिरा केलं, पाजलं नाही, भोग आता.

मोबाईल, ब्रा, मार, दृष्ट यांना आधार नाही, हे सांगायला मला वेळ लागला नाही. शेवटचं वाक्य मात्र टोचत राहिलं, कारण त्यात अर्धं खरं होतं. मी वाचायला घेतलं. दर पाळीच्या चक्रात इस्ट्रोजेनच्या सांगण्यावरून स्तनातल्या पेशी वाढतात, विभागतात. जितकी चक्रं जास्त, तितक्या नकला जास्त, आणि नकलेत चूक होण्याची संधीही जास्त. पाळी लवकर येणं, उशिरा जाणं या दोन्हींचा अर्थ तोच. पहिलं बाळंतपण तरुण वयात झालं तर त्या पेशी पक्व होऊन स्थिरावतात. पाजण्याचाही उपयोग होतो: आयुष्यात एकूण बारा महिने पाजलं की धोका 4.3 टक्क्यांनी कमी होतो, असं 2002 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं, म्हणून वाढलेलं वजन त्या वयात जास्त नडतं. दारूने धोका वाढतो, थोड्या दारूनेही. व्यायामाने कमी होतो.

हे सारं जुनंच आहे. इटलीतला वैद्य रामाझिनी याने तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं की जोगिणींच्या मठांत स्तनाचा कर्करोग फार दिसतो. 1926 साली इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपन या डॉक्टर बाईने पाचशे रुग्ण बायका आणि हा कर्करोग नसलेल्या पाचशे बायका शेजारी शेजारी ठेवून त्यांची लग्नं, बाळंतपणं, पाजणं तपासलं, तेव्हाही तेच दिसलं. आपल्याकडे मुंबई आणि बार्शीच्या कर्करोग नोंदण्या पाहिल्या तरी शहरात हा आजार खेड्यापेक्षा कितीतरी जास्त.

केमो संपल्यावर मी धारला गेले, माझ्या माहेरी. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, दोन बस. आमच्या वाड्यात वंशावळ आहे, कापडावर चिकटवलेली, नऊ पिढ्यांची. उदाजी पवारांबरोबर माळव्यात आलेल्या पूर्वजापासून माझ्या पुतण्यापर्यंत. लहानपणी दसऱ्याला ती बाहेर काढत. मी ती पहिल्यांदाच डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांनी पाहिली. नऊ पिढ्यांत एक बाई नव्हती. आई नाही, बायको नाही, मुलगी नाही. एका ठिकाणी फक्त 'कन्या 3' असं होतं.

काकू माजघरात निवडत बसली होती. वय अठ्ठ्याऐंशी, सतराव्या वर्षी त्या घरात आलेली. मी विचारलं, "काकू, आपल्याकडे कुणाला छातीचं काही झालं होतं?"

तिचे हात थांबले. "जिजीला. तुझ्या आजोबांची बहीण. तू कुठली बघणार बेटा, मी आले आणि दोन वर्षांत ती गेली."

जिजी नवव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली आणि मागच्या खोलीत राहिली. पन्नाशीच्या सुमाराला छातीला गाठ आली. कुणाला दाखवली नाही. गाठ फुटल्यावर पदराखाली चिंध्या बांधायची, त्या रात्री स्वतः धुवायची. खोलीत दिवसभर उदबत्त्या जळत. "आम्हांला वाटायचं देव-देव करते," काकू म्हणाली. "वासासाठी लावायची, ते मला मागाहून कळलं. घरात सांगायचे, गळू झालंय."

"नाव काय होतं तिचं?"

काकूने खूप आठवून पाहिलं. "जिजीच म्हणायचे सगळे."

परतताना बसमध्ये मला त्या मठातल्या जोगिणी आठवत राहिल्या. मूल नाही, पाजणं नाही, चाळीस वर्षं अखंड पाळ्या. त्यांनी ते जीवन व्रत म्हणून घेतलं, जिजीवर ते लादलं गेलं. पेशींना दोन्ही सारखंच. माझ्यावर नोकरीचा ठपका ठेवणाऱ्यांनी जिजीला काय म्हटलं असतं? तिने तर उंबरठाही ओलांडला नव्हता.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी जनुकीय चाचणी करवली. बीआरसीए 1 आणि 2 या जनुकांतला दोष आई किंवा बाप कुणाकडूनही, दर मुलाला निम्म्या शक्यतेने येतो. बाप तो स्वतः निरोगी राहून पुढे देऊ शकतो. क्वचित पुरुषालाही हा कर्करोग होतो. माझ्या अहवालात असा दोष सापडला नाही. मी म्हटलं, मग कारण काय?

त्या म्हणाल्या, असा वारसा शंभरात पाच ते दहा रुग्णांतच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जवळजवळ निम्म्या रुग्ण बायकांना बाई असणं आणि वय वाढणं यांपलीकडे धोक्याचं एकही खास कारण नसतं. तुमच्या फाईलीतल्या गोष्टींनी पारडं थोडं थोडं झुकलं असेल; कुठल्या एकीने झुकवलं, हे कुणीच सांगू शकणार नाही.

आमच्या देवासला 1948 साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन हवापालटाला आले आणि बरे होऊन गाऊ लागले, ही इथली घरोघरची अभिमानाची गोष्ट. क्षयाला जंतू आहे, त्याला औषध आहे. माझ्या आजाराला तसा एक गुन्हेगार नाही. हे पटायला मला केमोपेक्षा जास्त दिवस लागले. पटल्यावर मात्र छातीवरचं एक ओझं उतरलं. धोका वाढवणारी गोष्ट वेगळी आणि अपराध वेगळा.

मुलीला तरीही मोकळीक नाही. आईला झालेला असला की मुलीचा धोका साधारण दुप्पट धरतात, चाचणीत दोष सापडला नसला तरी. ती चालायला जाते, वजन सांभाळते, चाळिशीपासून मॅमोग्राफी करणार आहे. आणि जिथे यंत्र नाही तिथे जाणता हातही कामाचा आहे. टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली, तरी पन्नाशीपुढच्या बायकांमधले या आजाराचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. जिजीच्या छातीवर असा हात कधी फिरला नाही.

गेल्या दसऱ्याला वंशावळ बाहेर काढली, तेव्हा मी पुतण्याकडून पेन मागून घेतलं. आजोबांच्या शेजारी एक रेघ ओढली आणि लिहिलं: जिजी, स्तनाचा कर्करोग, वय सुमारे 52. खाली बाबांच्या नावापासून दुसरी रेघ काढून माझं नाव, तोच आजार, वय 57. काकू बघत होती. म्हणाली, "माझं पण लिही. मला साखर आहे." लिहिलं.

तुमच्या घरात अशी एखादी काकू असेल तर तिला विचारून घ्या, आईकडचं आणि वडिलांकडचंही. आणि न दुखणारी गाठ हाताला लागली, तर लग्न उरकेपर्यंत थांबू नका.