आजोबांची नदी, अज्जांची नदी

आमच्याकडे पाहुणे आले की फिरायला न्यायची ठिकाणं ठरलेली असतात. गोवा, आंबोली, फार तर गोकाकचा धबधबा. चार दिवसांची सवड असली तर बदामी, ऐहोळे आणि पट्टदकल, तेही एका दिवसात तिन्ही उरकून. मलप्रभेच्या काठानं वरपासून खालपर्यंत जाऊ या, असं म्हणणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. गेल्या काही वर्षांत आम्ही घरच्यांनी तुकड्या-तुकड्यानं ही नदी पाहिली, म्हणून हे लिहितो आहे.

खानापूर तालुक्यात कनकुंबीला, माउली देवीच्या देवळाजवळ ती उगम पावते. सुमारे ३०४ किलोमीटर वाहून बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमला कृष्णेला मिळते. आमचं घर खानापूरकडचं, मराठी. बायकोचं माहेर रामदुर्गचं, कन्नड, आणि तेही याच नदीच्या काठावर. वाटेत नेमक्या कुठल्या गावाशी 'नदी'ची 'होळे' होते, ते कुणाला बोट ठेवून दाखवता येणार नाही. आमच्या मुलीनं मात्र लहानपणीच सोपी वाटणी करून टाकली होती. मराठी असेल ते आजोबांचं, कन्नड असेल ते अज्जांचं. भाषा, सण, आमटी आणि सारू, सगळं तिनं असं दोन खणांत लावलं होतं.

तिला पहिल्यांदा हलशीला नेलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. खानापूरहून नंदगडच्या बाजूला जाताना वाटेत संगोळ्ळी रायण्णाची समाधी लागते. १८३१ साली त्याला इंग्रजांनी तिथंच फाशी दिलं. पुढे हलशी. आज लहानसं गाव आहे, पण ही जुनी पलाशिका. पाचव्या शतकातल्या कदंब राजांचे ताम्रपट इथं सापडले. त्यातल्या एकात मृगेशवर्म्यानं दिवंगत वडिलांच्या भक्तीपोटी इथं जिनालय बांधल्याचं सांगितलं आहे. पुढे गोव्याच्या कदंबांनी हीच आपली दुसरी राजधानी केली. भूवराह-नरसिंहाचं देऊळ त्यांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. त्याची गंमत अशी की दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकात दाताच्या टोकावर पृथ्वी उचलून उभा असलेला वराह, समोरच्यात बसलेला नारायण, आणि त्याच्यापाशी लहानसा नरसिंह. मधल्या मंडपात उभं राहिलं की कुणाकडे पाठ करावी हा प्रश्नच पडतो. मुलीनं विचारलं, "बाबा, हे देऊळ आजोबांचं की अज्जांचं?"

गाव मराठी बोलणारं, राजे कर्नाटकातले, राजधानी गोव्याला, ताम्रपट संस्कृतात. मी तिला हे सगळं सांगितलं. "मग?" ती म्हणाली. प्राध्यापक बापाचा असा निकाल लागणं चांगलंच. (हलशीला जाणाऱ्यांनी डबा बरोबर न्यावा. आम्ही गेलो तेव्हा चहाही धड मिळाला नव्हता, आणि बायकामुलांसाठी सोय शोधून सापडली नाही.)

खानापूरच्या खाली नदी पुणे-बंगळूर महामार्गाला आडवी येते. एम. के. हुबळीच्या त्या पुलावरून बेळगाव-धारवाड करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकानं शेकडो वेळा ती ओलांडली असेल आणि "यंदा पाणी बरं आहे" म्हणून मान वळवली असेल. तिथंच नदीच्या पात्रात गंगांबिकेचा ऐक्यमंडप आहे. गंगांबिका ही बसवण्णांची पत्नी. बाराव्या शतकात कल्याणला उत्पात झाला, शरणांची पांगापांग झाली, आणि उळवीच्या वाटेवर असताना तिचा अंत इथं झाला, असं परंपरा सांगते. बसवण्णांचं ऐक्यस्थान या नदीच्या दुसऱ्या टोकाला, कूडलसंगमला. नवरा-बायको एकाच नदीवर, पण इतकी दूर. हे मला बायकोनं सांगितलं. तोवर माझ्या लेखी तो फक्त पूल होता.

सौंदत्तीला यल्लम्माचा डोंगर आणि १९७२ साली पुरं झालेलं नविलुतीर्थचं धरण. त्याबद्दल वाचकांना मी नव्यानं काय सांगणार? नविलु म्हणजे मोर, एवढं मराठी घरांतल्या नव्या पिढीसाठी. आमच्या घरात मात्र या धरणावरून दोन तट आहेत. सासरची शेती कालव्यावरची. कळसा-बंडुरीचं पाणी मलप्रभेत वळवलंच पाहिजे, असं मेहुण्याचं ठाम मत. माझे खानापूरचे काका म्हणतात, आमचं रान आणि आमचे ओढे आटले तर तुमच्या नदीला वरून काय येणार आहे? म्हादई लवादानं २०१८ साली निकाल दिला, पण कर्नाटक-गोव्याचा वाद मिटला नाही आणि आमचाही मिटलेला नाही. गणपतीला दोघे एका पंगतीला बसले की बायको आधीच बजावते, "आज नीरिन विषय बेड." पाण्याचा विषय नको. दोघांचंही खरं आहे, ही त्यातली अडचण.

रामदुर्ग हे भाव्यांचं संस्थान, शेजारच्या नरगुंदसारखंच. नरगुंदच्या भास्करराव भाव्यांना १८५८ च्या बंडानंतर बेळगावात फाशी दिलं गेलं. सासरे उभा जन्म कन्नड बोलले. पण त्यांच्या आजोबांची लाकडी पेटी उघडली तेव्हा जमिनीचे कागद निघाले ते मोडीतले. ते वाचवून घ्यायला शेवटी मराठी माणूस शोधावा लागला. मुलीनं ते कागद उलटसुलट करून पाहिले आणि आपल्या दोन खणांपैकी कशात ठेवायचे ते काही तिला ठरवता येईना.

मग ऐहोळे. शंभरावर देवळं आहेत, सगळी पाहायच्या फंदात पडू नये. टेकडीवर चढून मेगुती पाहावं. ६३४ सालचं हे जैन देऊळ, आणि भिंतीवर रविकीर्तीची प्रशस्ती. हर्षाला थोपवणाऱ्या दुसऱ्या पुलकेशीचं वर्णन त्यात आहे. कालिदास आणि भारवी यांची नावं घेऊन हा कवी स्वतःला त्यांच्या पंक्तीत बसवतो. त्यामुळे कालिदास त्या सालाच्या आधीचा, एवढं तरी पक्कं झालं. आणि त्याच लेखात तीन महाराष्ट्रकांचा, त्यांतल्या नव्व्याण्णव हजार गावांचा उल्लेख आहे. भाषा संस्कृत, लिपी जुनी कन्नड, त्यात महाराष्ट्राचं नाव. सासरे, मी आणि मुलगी तिघंही त्या भिंतीसमोर उभे होतो. सासऱ्यांना दोन-तीन अक्षरं ओळखीची वाटली. मला एकही नाही.

पट्टदकलला नदी उत्तरेकडे वळते. तिथली देवळं १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. विरुपाक्षाचं देऊळ लोकमहादेवीनं बांधवलं, नवऱ्याच्या, म्हणजे दुसऱ्या विक्रमादित्याच्या, कांचीवरच्या विजयाप्रीत्यर्थ. शेजारचं मल्लिकार्जुनाचं तिच्या बहिणीनं, त्रैलोक्यमहादेवीनं. सख्ख्या बहिणी, सवती आणि देवळं शेजारी-शेजारी. सासूबाईंना सगळ्या सहलीत हीच गोष्ट सर्वांत आवडली. वेरूळचं कैलास याच विरुपाक्षाच्या वळणावर घडलं, असं अभ्यासक मानतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नदी या आवारात शिरली होती. म्हणून पावसाळा संपू द्यावा, मग जावं. आणि भाकरी खायची तर जवळच बनशंकरीला. बायका बुट्टी घेऊन येतात, त्यात कडक रोट्टी, झुणका आणि गाडग्यातलं दही असतं.

कूडलसंगमला नारायणपूर धरणाचं पाणी मागे चढतं. म्हणून बसवण्णांच्या ऐक्यमंडपाभोवती विहिरीसारखी गोल भिंत बांधली आहे. पायऱ्यांनी खाली उतरावं लागतं. धरण भरलेलं होतं. सासूबाईंचा हात धरून मुलगी एकेक पायरी उतरत होती. भिंतीपलीकडे पाणी आपल्या डोक्याच्याही वर आहे, हे तिनं अज्जीला कन्नडमध्ये सांगितलं, मग मागे वळून मला मराठीत.