वाळूच्या एका कणाचं वजन

ओमानमध्ये राहणाऱ्या माणसाला वाळूची ओळख करून द्यायला नको. ती बुटात असते, गाडीच्या मॅटखाली असते आणि शर्कियाच्या (जुन्या मंडळींच्या भाषेत वहिबाच्या) सहलीहून परतलं की चार दिवस डब्यातल्या लाडवांतही दाताखाली येते. या वाळूचा साधारण पाव मिलिमीटर जाडीचा एक कण घ्या. त्याचं वजन भरेल सुमारे २२ मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे ४५ हजार भाग केले तर त्यातला एक.

गंमत अशी, की हाच आकडा भौतिकशास्त्राच्या अगदी मुळाशी बसलेला आहे. प्रकाशाचा वेग, न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक आणि प्लांकचा स्थिरांक या तिघांच्या गुणाकार-भागाकारातून लांबी, काळ आणि वस्तुमान यांची एकेक नैसर्गिक मापं निघतात. ही कल्पना माक्स प्लांकने १८९९ मध्ये मांडली. आजच्या व्याख्येप्रमाणे त्यातली लांबी इतकी लहान, की मीटरमध्ये लिहायची तर दशांश चिन्हानंतर आधी ३४ शून्यं काढावी लागतात. काळही तसाच, कल्पनेच्या पलीकडचा. पण वस्तुमान येतं सुमारे २२ मायक्रोग्रॅम! म्हणजे आपल्या बुटातून झटकलेल्या कणाएवढं. हा नुसता योगायोग, की निसर्ग इथे काही सांगतो आहे?

आधी हे तीन आकडे काय करतात ते पाहू. प्रकाशाचा वेग हा खरं तर फक्त प्रकाशाचा नाही. आपण रियालचा भाव पाहून पैसे घरी पाठवतो ना, तसा हा अवकाश आणि काळ यांच्यातला विनिमयाचा दर आहे: एक सेकंद म्हणजे २९,९७,९२,४५८ मीटर. फरक एवढाच, की हा दर रोज बदलत नाही. १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्यावरून केली जाते. गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक सांगतो, की वस्तुमानामुळे हे अवकाश-कालाचं कापड किती वाकतं. आईन्स्टाईनचा हा १९१५ चा सिद्धांत आता आपल्या गाडीत येऊन बसला आहे. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ते दुरुस्त केलं नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरची चूक होईल, आणि वाळवंटात दहा किलोमीटर चुकणं म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

तिसरा आकडा प्लांकचा, म्हणजे क्वांटमच्या राज्याचा. तिथे इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन वाटांनी गेल्यासारखा वागतो. हे फक्त इलेक्ट्रॉनपुरतं नाही. १९९९ मध्ये व्हिएन्नाला साठ कार्बन अणूंचे रेणू असेच वागताना दिसले. २०१९ मध्ये सुमारे दोन हजार अणूंचे रेणूसुद्धा. मग वाळूचा कण का वागत नाही? त्यात साडेसहा हजार कोटी कोटी अणू आहेत, पण प्रत्येक अणू क्वांटमचाच नियम पाळतो. मग हद्द नेमकी कुठे लागते?

प्रचलित उत्तर असं, की हवेचे रेणू आणि प्रकाश त्या कणावर सतत आदळतात आणि त्याची 'दोन ठिकाणची' बातमी आसपास फोडून टाकतात. त्यामुळे दोन शक्यता मिसळलेल्या दिसत नाहीत. हे बरोबरच आहे, प्रयोगांनी तपासलेलं आहे. पण दोन शक्यतांपैकी शेवटी एकच का उरते, याचं उत्तर त्यात नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. इथून पुढे तर्काचा प्रांत सुरू होतो.

तर्क असा: समजा कण खरोखरच दोन जागी आहे. मग त्याच्या वजनाने अवकाश-कालही दोन तऱ्हांनी वाकलेला असणार. जड वस्तूजवळ घड्याळ मंद चालतं, म्हणजे काळही दोन तऱ्हांचा झाला. पण क्वांटमचं समीकरण तर एकच काळ धरून चालतं! यातला कोणता धरायचा? हंगेरीचे कारोलिहाझी यांनी १९६६ मध्ये या दिशेने विचार मांडला. पुढे त्यांच्याच देशाचे डिओसी आणि इंग्लंडचे पेनरोज यांनी म्हटलं, की निसर्ग ही दुविधा फार वेळ चालू देत नसेल. वस्तू जितकी जड, तितका निकाल लवकर. इलेक्ट्रॉनला युगं लागतील, वाळूच्या कणाला क्षणही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले तेजिंदर सिंग हे या विषयावर काम करणाऱ्यांपैकी. २०१३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशा सर्व कल्पनांचा आणि त्यांच्या परीक्षांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला.

याच्या उलट पक्षातही आपलं माणूस आहे. १९४९ मध्ये शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर. १९८६ मध्ये त्यांनी आईन्स्टाईनची समीकरणं नव्या रूपात मांडली आणि त्यातून एक पूर्ण सिद्धांत उभा राहिला. त्यांच्या मते हार मानायची ती क्वांटमने नव्हे. अवकाशच अतिसूक्ष्म तुकड्यांनी विणलेलं आहे. लांबून सलग दिसणारं कापड जवळून धाग्याधाग्यांचं असावं, तसं.

मागच्या हिवाळ्यात एका सहलीत मी हे सगळं सांगत होतो. एका मित्राचे वडील सांगलीहून आले होते, निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "अरे, यात नवीन काय? कणादाने अणू कधीच सांगून ठेवला आहे." मुलं ऐकत होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी आपल्याकडे दोनच गोष्टी होतात: एक तर मान डोलवून विषय बदलायचा, नाही तर वाद घालून जेवणाची चव घालवायची. दोन्हीत मुलं काय शिकतात? एकात, की सगळं आधीच ठाऊक आहे. दुसऱ्यात, की आजोबांना काही कळत नाही. मला दोन्ही नको होतं.

मी म्हटलं, "काका, कणादाचा विचार मोठाच होता. पण तो खोटा ठरला असता तर ते कशावरून कळलं असतं?"

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं, मग तू सांग. एवढा वाळूचा कण दोन जागी असू शकत नाही, हे तरी कुणी तपासलंय का?"

सगळ्या गप्पांत नेमका प्रश्न विचारला तो त्यांनी. कारण उत्तर 'नाही' असं आहे. व्हिएन्नाच्या २०१९ च्या त्या रेणूंपेक्षा आपला कण पाच कोटी कोटी पटींनी जड आहे. या अफाट पट्ट्यात हद्द कुठेही असू शकेल, किंवा नसेलही. २२ मायक्रोग्रॅमचा आकडा खूण असेल, नाही तर निव्वळ योगायोग. आकडा जुळला म्हणून सिद्धांत सिद्ध होत नाही; माझ्या धंद्यात तर जुळलेल्या आकड्याकडे आम्ही जरा जास्तच संशयाने बघतो.

पण पेनरोज-डिओसींच्या तर्काला मी मान देतो, तो एका कारणासाठी. तो हरू शकतो. निकाल लावताना विद्युतभारित कण थोडे हलतील आणि अगदी क्षीण किरण बाहेर टाकतील, असं डिओसींच्या गणितातून निघत होतं. इटलीत ग्रान सासो डोंगराच्या पोटात, १४०० मीटर खडकाखाली, जर्मेनियमचा शोधक ठेवून ते किरण शोधले. सापडले नाहीत. २०२० मध्ये निकाल जाहीर झाला, की तर्काचं सर्वांत साधं रूप चुकीचं आहे. त्या प्रयोगात स्वतः डिओसी सहभागी होते, हे मला सगळ्यांत आवडलं. आपलंच म्हणणं खोटं ठरतंय का ते पाहायला डोंगराखाली प्रयोग लावायचा, याला मी खरी श्रद्धा म्हणेन.

पुढची परीक्षाही ठरली आहे. २०१७ मध्ये दोन गटांनी सुचवलं, की दोन सूक्ष्म हिरे घ्यावेत, आपल्या कणाच्या वीस लाखाव्या भागाएवढे, आणि प्रत्येकाला एकाच वेळी दोन जागी ठेवावं. मग निव्वळ गुरुत्वाकर्षणामुळे त्यांच्यात क्वांटमचं नातं जुळतं का ते पाहावं. जुळलं तर अवकाश-कालालाही क्वांटमचे नियम मानावे लागतील. अजून हे साधायचं आहे, काम फार अवघड आहे. काका सांगलीला परतले आहेत, पण फोनवर विचारत असतात, "काय रे, तुझ्या हिऱ्यांचं काय झालं?"